चूल नाही, असं सांगितलं मी

मला बोलायची सवय आहे. बसस्टॉपवर अनोळखी बाई शेजारी बसली तरी बस येईपर्यंत तिचं माहेर मला कळलेलं असतं आणि माझं तिला. म्हणून आजार फुप्फुसाचा निघाला तेव्हा माझी लेक अर्चना म्हणाली, "आई, दुसरं कायपण चाललं असतं गं तुला." खरंच होतं. गुडघे गेले असते तर बसून बोलले असते, डोळे गेले असते तर अंधारात बोलले असते. पण दमच गेला तर बोलायचं कशाच्या जिवावर?

हे लिहितेय ते दम्याच्या माणसांसाठी, आणि त्याहून जास्त ज्यांना अजून दम लागत नाही त्यांच्यासाठी. शाळा माझी तिसरीपर्यंत. पुढचं वाचायला शिकले ते पिंपरीच्या मंडईत भाजी घेऊन जाताना, बसच्या पाट्यांवरून. या वहीचं शुद्धलेखन माझ्या सुनेनं, मनीषानं बघितलंय. बाकीच्या चुका माझ्या. त्यातली एक मोठी चूक सांगायची म्हणूनच वही घेतली.

भावात जिंकले

आमचं गाव चाकणच्या अलीकडं, हायवे सोडून आत. गाव म्हणायचं आपलं. शेतं गेली, त्यावर कंपन्या आल्या, गोडाऊनं आली, आणि मधल्या रस्त्यावरनं दिवसभर कंटेनर. माझा मुलगा संतोष कंपनीत आहे. घराच्या मागं आमचं खळं होतं, जिथं पूर्वी मळणी व्हायची. तिथं आम्ही पत्र्याची शेड घातली आणि बालाजी नावाच्या लातूरकडच्या माणसाला भाड्यानं दिली. तो ग्रिल, गेट, कंपन्यांना लागणारे लोखंडी स्टँड बनवतो. सहा वर्षं झाली.

खोकला मला दोन हिवाळे होता. थंडी आहे, धूळ आहे, गावात सगळेच खोकतात. ज्येष्ठमध चघळायचा, मेडिकलातनं बाटली आणायची, झालं. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायला लागले, तर वय झालं म्हणाले.

मग संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात दारात भाजीवाली आली. मी स्वतः वीस वर्षं मंडईत बसलेली, त्यामुळं घासाघीस हा माझा सकाळचा व्यायाम. भोगीच्या भाजीला पावटा हवा होता. "हा पावटा व्हय? निम्मा तर..." एवढं म्हणाले आणि पुढचा शब्द आलाच नाही. जिभेवर होता, पण त्याला ढकलायला मागं वाराच नव्हता. घेतलेला श्वास बाहेर येईना. छाती गच्च भरलेल्या पोत्यासारखी ताठ. मी ओट्याचा खांब धरला.

भाजीवाली म्हणाली, "आजी, घ्या, तुमच्याच भावात घ्या, पण आधी खाली बसा!"

भावात जिंकले मी त्या दिवशी. पावटा काही खायला मिळाला नाही. दुपारी मी थेरगावच्या एका दवाखान्यात होते, नाकात नळी. अर्चना वाकडला राहते, तिला जवळ म्हणून थेरगाव.

फुंका, अजून फुंका

डॉक्टर तरुण होते, बोलायला गोड. पहिल्याच दिवशी विचारलं, "विडी-सिगारेट?"

"न्हाई."

"तंबाखू, मिश्री?"

"मिश्री सोडली. नात नाक मुरडायची."

"घरी चूल आहे का?"

"न्हाई ओ. गॅस येऊन जमाना झाला."

शेजारी संतोष उभा होता, त्यानंही मान हलवली. डॉक्टरांनी लिहून घेतलं. हा सवाल-जवाब लक्षात ठेवा.

चार दिवसांनी जरा स्थिर झाल्यावर फुंकायची तपासणी झाली. एक नळी तोंडात धरायची, पोटभर श्वास घ्यायचा आणि संपेपर्यंत फुंकायचं. तपासणारी मुलगी शर्यतीतल्या बैलाला ओरडावं तशी ओरडत होती, "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" मी म्हटलं, "बाई, सासूच्या हाताखाली जन्मभर फुंकणीच फुंकली मी. तू काय शिकवतीस?" हसले आणि ते फुंकणं वाया गेलं. पुन्हा पहिल्यापासून.

निकाल सांगायला डॉक्टरांनी संतोष आणि अर्चनाला बाहेर बोलावलं. मी म्हटलं, फुप्फुस माझं, इथंच सांगा. त्यांनी सांगितलं. फुप्फुसातल्या नळ्या आकसल्यात. खूप वर्षं बारीक धूळ-धूर आत गेल्यानं होतं. डोळ्याला दिसते ती धूळ नाका-घशात अडकते, पण दिसत नाही इतकी बारीक असते ती थेट तळाला जाऊन बसते. औषधानं, व्यायामानं पुष्कळ सुधारेल, पण पहिल्यासारखं होणार नाही. 

"म्हंजी बरी न्हाई व्हायची?"

"सांभाळलंत तर चालत्या-बोलत्या राहाल."

बोलत्या, एवढाच शब्द मी धरून ठेवला.

संतोषनं विचारलं, "डॉक्टर, घरामागं आमची शेड आहे. दिवसभर ग्राइंडर चालतो. त्यानं?"

डॉक्टर म्हणाले, "असू शकतं. हवेत एकच गोष्ट नसते. रस्ता असतो, गाड्या असतात, कारखाने असतात. ते तुमच्या हातात नाही. पण घराजवळ काही असेल तर ते आधी बंद करा. त्याशिवाय यांना तिथं परत नेऊ नका."

झालं. घरी परत जायचं असेल तर शेड जायला हवी, असा आमच्याकडं निकाल लागला. डॉक्टर असं म्हणाले नव्हते. आम्हाला तसं ऐकू आलं, कारण धूळ म्हटलं की डोळ्यासमोर शेडच येत होती.

वॉर्ड

दवाखान्याचा दिवस लवकर उजाडतो. साडेपाचला ब्लडप्रेशर, सहाला वाफेचं मशीन, सातला चहा. मशीनची वाफ गार असते आणि तोंडावर मास्क, त्यात गप्प बसायचं. दहा मिनिटं गप्प! मला पहिल्यांदा शिक्षाच वाटली.

भीती कधी वाटायची सांगू? दम लागलेला असताना नाही. तेव्हा डोकं रिकामं असतं. वाटायची ती दुपारी, सगळं शांत असताना. आता हा श्वास गेला, पुढचा येतोय का, असं लक्ष लागून राहायचं. श्वास कधी मोजायचा नसतो हो. एकदा मोजायला लागलं की तो चोरासारखा वागतो.

शेजारच्या खाटेवर काळेवाडीच्या शकुंतलाबाई होत्या, रस्ते झाडणाऱ्या. पहाटेची धूळ छातीत घेऊन अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांना आजारापेक्षा खाड्यांची काळजी. इथं जितके दिवस, तितके खाडे, आणि जागेवर दुसरी बाई लागली तर कायमचाच खाडा. पलीकडं वाकडच्या एक निवृत्त मास्तरीणबाई, अकराव्या मजल्यावर राहणाऱ्या.

एकदा आमच्यात वादच झाला, कुणाची हवा वाईट. शकुंतलाबाई म्हणाल्या, "तुमचं चाकण म्हंजी नुसता धुरळा." मी म्हटलं, "तुमच्या काळेवाडीत कचरा जाळत्यात, त्ये?" मास्तरीणबाई म्हणाल्या, "अहो, मी तर इतक्या उंचावर. आमच्याकडं खिडक्याही बंद असतात." शकुंतलाबाईंनी नळी सावरली आणि म्हणाल्या, "मंग बाई, तुमी हितं का?"

त्यावर तिघी हसलो आणि तिघींना खोकला लागला. सिस्टर धावत आली.

एक आया होती, सगळे मावशी म्हणायचे. मास्कच्या पट्ट्यानं माझ्या केसांच्या जटा झाल्या होत्या. ती रोज पाळी संपायच्या आधी येऊन वेणी घालून द्यायची. कुणी सांगितलं नव्हतं. अंगात नळ्या असताना आपली वेणी कुणीतरी घालतंय, याचं सुख काय असतं ते ज्याचं त्याला कळेल.

मुलांची मात्र खाटेपाशीच जुंपायची. संतोषची सुट्टी संपली होती, तो शिफ्ट करून अर्धा झोपेत यायचा. मनीषा घर आणि दवाखाना करून वाळली होती. अर्चना म्हणायची, "दादा, तुझ्या त्या शेडपायी आईची ही गत झाली." तो म्हणायचा, "सोन्यासारखा भाडेकरू होता, मी काय स्वप्नात बघितलं होतं?" मी डोळे मिटून पडायचे. त्यांना वाटायचं झोपले. बोलणाऱ्या माणसाला गप्प राहून काय काय ऐकू येतं, ते मला तिथं कळलं.

बालाजी

बालाजी भेटायला आला तो रविवारी. चांगला शर्ट घातलेला, पण नखांतली काळी रेघ गेली नव्हती. खाटेपासून लांब उभा राहिला.

"जवळ ये की रे."

"नको काकू. हात धुऊन आलोय, पण आमच्या अंगालाच धूळ. तुमाला तरास नको."

चिकू आणले होते. सहा वर्षांत त्यानं आमच्यासाठी काय काय केलं, ते सांगत बसले तर वही भरेल. गेट दुरुस्त केलं, माझ्या खाटेला पाय लावले. दर शनिवारी कंपन्यांतून आलेल्या मालाची मोडकी लाकडी खोकी फोडून, फळ्या सारख्या तोडून, आमच्या मागच्या दाराशी रचून ठेवायचा. "काकू, तुमचं सरपण."

संतोषनं त्याला महिनाअखेरीपर्यंत जागा खाली करायला सांगितली होती. मला वाटलं, आपणही एका शब्दानं बोलावं, त्याच्या पाठीमागं ठरवलं असं नको व्हायला. म्हणून मी म्हटलं, "बालाजी, वाईट वाटून घिऊ नको. मला घरी जायचं हाय रे. तुजी शेड हाय तवर डाक्टर जाऊ देत न्हाईत."

तो म्हणाला, "जातो की काकू. जागा काय एकच हाय का? तुमी बऱ्या व्हा."

जागा एकच नव्हती, पण परवडणारी, लाईटचं कनेक्शन असलेली, गिऱ्हाइकाला माहीत झालेली तेवढी एकच होती. हे मला कळत होतं. तरी मी बोलले. जिवावर बेतलं की माणूस आपल्यापुरतं बघतं.

शेतं

व्यायाम शिकवायला प्रज्ञा नावाची मुलगी यायची. ओठांचा चंबू करून हळू सोडायचा श्वास, गरम चहावर फुंकर घालावी तसा. मग म्हणायची, "आजी, एका दमात आकडे म्हणा. कुठपर्यंत जाता बघू."

मी म्हटलं, "आकडे नको. शेतं म्हंते."

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मला शेतांची नावं पाठ करायला लावली होती. भाकरी घेऊन जाताना नव्या सुनेनं चुकू नये म्हणून. ओढ्यापासून घराकडं येत, एका ओळीत: वढ्याचं, लवण, चिंचेचं, बाभळीचं, पट्टी, तुकडा, माळ, विहिरीचं, खळं. नऊ. आता एकावरही पीक नाही, पण नावं तोंडात आहेत.

पहिल्या दिवशी मी चिंचेच्यापर्यंत गेले. तिसरं शेत. तिथं दम संपला. आठवड्यानं पट्टीपर्यंत.

प्रज्ञा म्हणाली, "वा, अर्ध्या वाटेवर आलात. घरी पोचायचंय ना?"

उठल्यापासून सांगा

डिस्चार्जच्या आदल्या दिवशी प्रज्ञा कागद घेऊन आली. म्हणाली, "आजी, सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत तुम्ही काय काय करता, सगळं सांगा. त्यातलं काय जमेल, काय नाही, ते ठरवू."

इतके दिवस सगळे मला म्हणत होते, कमी बोला. ही म्हणत होती, सगळं सांगा. मी सुरू झाले. "पाचला उठते. तोंड धुते. आंगण झाडते. मग बंब पेटवते. मग चहा घिऊन बंबापाशीच बसते, थंडीचं बरं वाटतं. कोण ना कोण येतं, गप्पा होत्यात. मग संतोषला पाणी काढते..."

तिचं पेन थांबलं. "आजी, बंब? म्हणजे लाकडावरचा?"

"न्हाईतर काय पाण्यावर चालतो?"

"रोज?"

"रोज. पाच जणांच्या अंघोळी. पावसाळ्यात तर जास्तच येळ लागतो."

"गिझर नाही घरात?"

"हाय की. पन त्याचं पानी उग्र. बंबाचं मऊ असतं."

"जाळता काय?"

"कंपनीच्या खोक्यांच्या फळ्या. प्लायचे तुकडे. बालाजी देतो."

"आणि पेटवायला?"

"त्याच खोक्यांत फोम असतो ना, पांढरा. काडी लावली की भडका. रॉकेल कुठं मिळतंय आता?"

तिनं कागद बाजूला ठेवला. मग हळू विचारलं, "धूर कुठून निघतो, आजी?"

"वरनं. मधल्या नळातनं."

"आणि तुम्ही कुठं बसता?"

"सांगितलं की. शेजारी."

बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं.

तांब्याचा तो बंब सासूबाईंचा. दर दिवाळीला चिंचेनं घासून लख्ख करते मी. सकाळी घराबाहेर तेवढा एकच ऊब देणारा सोबती. चूल विचारली, मी चूल नाही म्हटलं. खोटं बोलले नाही. चुलीवर स्वयंपाक होतो, बंबात पाणी तापतं. आमच्या घरात कुणाच्या डोक्यात ते दोन एका जागी कधी आलेच नाहीत. माझ्या नाहीत, रोज त्याच पाण्यानं अंघोळ करून कंपनीत जाणाऱ्या संतोषच्याही नाहीत.

डॉक्टर आले. रागावले नाहीत. म्हणाले, "चूक माझीही. यापुढं मी बंब असा शब्द घालूनच विचारीन." बाहेरची धूळ, शेड, रस्ता, सगळ्यांचा वाटा असेलच, म्हणाले, पण रोज तासभर तोंडासमोर प्लाय आणि फोमचा धूर, त्याच्यापुढं ग्राइंडर लांबचा पाहुणा.

संतोष संध्याकाळी आला. सांगितलं. तो खाटेच्या कडेला बसला. मग म्हणाला, "शेडचाही वाटा आहे, असं म्हणाले ना डॉक्टर?"

"व्हय, म्हनाले."

"मग झालं तर. बंबही बंद, शेडही बंद. दोन्ही बंद झालेलं बरंच की तुला."

माझ्यासाठीच म्हणत होतं लेकरू. आणि दिलेला शब्द मागं घ्यायचा, तोही भाडेकरूपुढं, हे पुरुषाला जड जातं.

अकराव्या मजल्यासारखाच नववा

आठवडाभर वाकडला, अर्चनाकडं नवव्या मजल्यावर. तिनं माझ्यासाठी हवा गाळायचं मशीन आणलं. त्याला एक दिवा. हवा चांगली असली की हिरवा, वाईट असली की लाल. तिनं भाजीला फोडणी दिली की लाल. उदबत्ती लावली की लाल. एकदा सकाळी सगळ्या खिडक्या लावलेल्या, ओट्यावर काही नाही, तरी लाल. खाली बघितलं तर पुढची इमारत दिसत नव्हती, नुसता करडा पडदा. समोर बांधकाम, पलीकडं गाड्यांची रांग.

"हितं कुनाचा बंब पेटला गं?" मी विचारलं.

अर्चना म्हणाली, "सगळ्यांचा, आई."

ती म्हणत होती, इथंच राहा कायमची. पण माझ्या मनात महिनाअखेर होती. फोनवर बालाजीला सांगावं असं रोज वाटायचं. पण अशी गोष्ट फोनवर सांगितली की अर्धी माफी आपोआप मिळते, समोरच्याचं तोंड बघावं लागत नाही. ते मला नको होतं. महिना संपायला दोन दिवस राहिले तेव्हा मी अर्चनाला म्हटलं, मला सोड. ती चिडली. पण कॅब बोलावलीच, आणि स्वतः बरोबर बसली.

टेम्पो

आम्ही पोचलो तर टेम्पो दारात उभा. कटर वर चढवलेलं, वेल्डिंगचं मशीन दोघं जण उचलत होते. संतोष बाजूला, हात बांधून. बालाजीनं मला बघितलं आणि कामगारांना ओरडला, "थांबा रे, धूळ उडवू नका, काकू आल्यात!"

तोंडाला मास्क. कॅबपासून तिथपर्यंत चालून दम लागलेला. जन्मभर मी भांडले, गप्पा मारल्या, भाव पाडले, आणि नेमकं जे बोलायचं होतं तेव्हा मला एका वेळी तीनच शब्द मिळत होते.

"बालाजी. उतरव सामान."

"काय झालं, काकू?"

"तुजी धूळ न्हवं." श्वास. "माजा बंब हाय." श्वास. "मीच जाळत हुते." श्वास. "डाक्टरला सांगितलं न्हाई."

त्याला कळेना. अर्चनानं सगळं नीट सांगितलं. मी संतोषकडं बघितलं नाही. वाटलं, आता बालाजी चार शब्द सुनावणार. त्याचा हक्क होता. जागा सोडायची म्हणून नवी कामं घेतली नव्हती त्यानं, दोन गिऱ्हाइकं दुसरीकडं गेली होती. 

तो टेम्पोच्या फळीवर बसला आणि कपाळाला हात लावला. "म्हंजी मीच की ओ, काकू! दर शनिवारी फोडून, रचून मीच देत हुतो. फोम बी मीच काढून ठेवायचो, तुमाला पेटवाय सोपं जावं म्हून."

"तू प्रेमानं दिलंस रे."

"प्रेमानं दिलं म्हून काय झालं? जाळलं तर तेच ना!"

तो स्वतःला दोष देई, मी मला. संतोष मध्ये आला. "बास करा दोघं. बालाजीभाऊ, उतरवा सामान. मी धरतो एका बाजूनं." एवढंच म्हणाला. माफी वगैरे नाही. पण मशीन जड होतं आणि त्यानं जड बाजू धरली. 

डॉक्टरांचं राहिलेलं अर्धं बोलणंही आम्ही सोडलं नाही. घराकडची उघडी बाजू पत्रा ठोकून बंद केली आणि ग्राइंडरचं घासकाम रस्त्याकडच्या टोकाला नेलं. बालाजीकडची कामाची पोरं आधी तोंडाला रुमालही बांधायची नाहीत. आता मास्क लावतात, कारण लावला नाही तर मी तिथं जाऊन उभी राहते आणि खोकते.

मऊ पाणी

बंब गार आहे. घासून ठेवलाय, विकला नाही. गिझरचं पाणी मला अजून उग्रच वाटतं, हे खरं ते लिहिते. सकाळी हात शेकायला काही नाही, गप्पांना कुणी येत नाही, कारण येणारी माणसं माझ्याकडं कमी आणि बंबाकडं जास्त येत होती, असं दिसतंय.

म्हणून आता मीच जाते. आळीत घरोघर जाऊन विचारते, "उठल्यापासून सांग, काय काय करतीस?" चूल आहे का, असं विचारत नाही. नाहीच म्हणतात. उठल्यापासून सांगायला लावलं की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला बंब येतोच. फळ्या येतात, फोम येतो, कुणाकडं रबराचे तुकडे येतात. माझी जाऊ तर उसळली, "आक्का, तुजं फुप्फुस गेलं म्हून आमी गार पान्यानं अंघूळ करायची व्हय?" मी म्हटलं, "गार नगं. पन फोम तरी सोड, आन शेजारी बसू नगंस." सोडला का ते माहीत नाही. दोघींनी मात्र सोडला, ते मी डोळ्यांनी बघितलंय.

रस्त्यावरचे कंटेनर तसेच आहेत. हिवाळ्यात सकाळी माळाकडं बघितलं तर करडा पडदा असतोच. पंप खिशात असतो, जिन्याच्या मधल्या पायरीवर अजून थांबते. शकुंतलाबाईंचा फोन येतो. त्यांना त्यांची जागा परत मिळाली, पण झाडू तोच आणि धूळ तीच. वाईट वाटतं. माझा बंब मी बंद केला. त्यांनी काय बंद करायचं?

खळं

रोज सकाळी नऊ वाजता मी मागच्या दारी खुर्ची टाकून व्यायामाला बसते. बालाजीला हे कळल्यापासून त्या दहा मिनिटांत तो ग्राइंडर बंद ठेवतो. मी सांगितलं नव्हतं. मी ओठांचा चंबू करते आणि शेतं म्हणते. कधी तुकड्यापर्यंत, कधी माळापर्यंत. विहिरीच्याला अडायचे. तिकडून तो हाक मारतो, "कुठवर आलाव, काकू?" मी म्हणते, माळ. तो म्हणतो, "उंद्या बघू." आणि मशीन सुरू करतो.

परवा हवा जरा बरी होती. मी बसले, श्वास घेतला आणि सोडत गेले. वढ्याचं, लवण, चिंचेचं, बाभळीचं, पट्टी, तुकडा, माळ, विहिरीचं. थांबायची जागा आली, आणि अजून थोडा वारा शिल्लक होता.

खळं.

"कुठवर आलाव, काकू?"

"तुज्या दारात आले रे," मी म्हटलं. "कर चालू."